देवाजीच्या मणक्याला पाणी

आजार शरीराला होतो, पण त्याला मंजुरी गाव देते. आसगावात ही मंजुरीची पद्धत फार जुनी आणि अत्यंत निर्दोष आहे. दवाखान्यातून माणूस घरी आला की गाव त्याला पाहायला जाते. पाहायला म्हणजे खरोखर पाहायला. रुग्णाने कापड वर करावे, मंडळींनी टाके बघावेत, आणि "लय मोठं झालं बा" असा शेरा मिळाला की तो माणूस अधिकृत आजारी. मग त्याच्या भाताच्या बांधीत रोवणीला, म्हणजे चिखलात वाकून रोपे लावायला, शेजारी धावून येतात आणि त्याला कोणी वाक म्हणत नाही. (तापाला ही सवलत नाही. तापात दाखवण्याजोगे काही नसते.)

देवाजी या खात्यातला सर्वात अनुभवी माणूस. पवनीपासून लाखांदूरपर्यंत कोणाचे ऑपरेशन झाले की हा निघाला पाहायला. बोटभर चिऱ्याचे अपेंडिक्स तो हिशेबातच धरत नसे. "एवढं त मले बाभळीच्या काट्यानं होते," म्हणून उठायचा. शेजारच्या शकुनबाईचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले, तेव्हा पोटावर तीन ठिपके, तेही एकमेकांपासून लांब. देवाजीने प्रकरण फेटाळले. त्याच आठवड्यात शकुनबाई चिखलात उतरली.

असा हा माणूस यंदा आषाढ लागताच डोक्यावर शेणखताची टोपली घेऊन बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून घसरला आणि बुडावर आदळून पाठीचा एक मणका चेपून घेता झाला.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. पाठीत दोन बारीक नळ्या घालायच्या, नळीतून फुगा मणक्यात न्यायचा, आत फुगवायचा, म्हणजे चेपलेले हाड उचलले जाते. मग फुगा काढून घ्यायचा आणि झालेल्या पोकळीत सिमेंट भरायचे. दुसऱ्या दिवशी घरी.

देवाजीने एकच प्रश्न विचारला. "चिरा केवढा राहीन, साहेब?"

"तांदळाच्या दाण्याएवढा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

देवाजीचा चेहरा उतरला. डॉक्टरांना वाटले, माणूस घाबरला.

ऑपरेशन उत्तम झाले, आणि तेच नडले. देवाजी स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. डॉक्टरांची ताकीद होती : रोज चाला-फिरा, पण सहा आठवडे वाकायचे नाही. बाकीची हाडेही ठिसूळ आहेत, वाकलात तर शेजारचा मणका जाईल. इकडे रोवणी तोंडावर आली होती. रोवणीत वाकणे सोडले तर दुसरे काही नसतेच.

गाव पाहायला आले. देवाजीने बंडी वर केली. ओसरीत पुढे बसलेल्या टेकचंदने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"कुठं हाय गा?"

"तेच ते. दोन ठिपके."

"मले वाटलं मच्छर चावले."

"मंग येता काजी परवा रोवणीले?" शकुनबाईने इतक्या मायेने विचारले की देवाजीला घाम फुटला.

त्याने फुग्याची हकिकत सांगितली. त्यामुळे आणखी नुकसान झाले, कारण फुगा ही वस्तू गावात वाढदिवसाकडे जमा आहे. मंडळी उठायच्या बेतात होती. शेवटचा उपाय म्हणून तो पुटपुटला, "आत सिमेंट भरलं हाय."

मधुकरराव गवंडी उठता उठता पुन्हा बसले.

"सिमेंट? मंग तराई कोण करून राहिलं?"

"तराई?"

"पाणी गा, पाणी. सिमेंटले पाणी नाही देल्लं त तडा जाते. स्लॅबले एकवीस दिवस लागते. हे त चालतं-फिरतं काम."

"डॉक्टर म्हणे, दहा मिनिटांत पक्कं होते."

सगळी ओसरी हसली. दहा मिनिटांत पक्के झालेले पुलाचे काम गावाने एकदा पाहिले होते. त्यावरून अजून बैल जात नाहीत.

ठराव एकमताने झाला. देवाजीला खाटेवर पालथे घातले, पाठीवर ओले पोते अंथरले आणि सकाळ-संध्याकाळ एकेक लोटा पाणी मुक्रर झाले. आता आजार रस्त्यावरूनही दिसू लागला. पोत्याआधी निम्मे पाहुणे चहाला नको म्हणून उठत. पोत्यानंतर चहा घेतल्याशिवाय कोणी उठेना. "लय मोठं झालं बा," टेकचंद म्हणाला, आणि शेजाऱ्यांनी रोवणी अंगावर घेतली.

देवाजी काही मूर्ख नव्हता. कातडीतून पाणी मणक्यापर्यंत जात नाही, हे त्याला कळत होते. पण पोते काढावे तर तो धडधाकट ठरत होता, आणि धडधाकट माणसाला वाकावे लागते. डॉक्टरांचा फोन आला : "पडून नाही ना राहत? पडून राहिलात तर हाडं आणखी ठिसूळ होतील."

"नाही साहेब, चालूनच राहिलो," देवाजी पोत्याखालून म्हणाला आणि शिंकला. शिंकेसरशी पाठीत कळ गेली. ती त्याने गावाच्या मंजुरीखातर सोसली.

रोवणी लागली. बायांची गाणी चिखलावरून तरंगत ओसरीपर्यंत येत, आणि ओल्या पोत्याखाली देवाजी त्यावर बोटाने ताल धरी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला रोवणी गोड वाटली.

संध्याकाळी त्याची बायको सुंदरबाई बांधीतून आली. धावून आलेल्या शेजाऱ्यांच्या बरोबरीने तिने दोघांच्या वाटणीचे वाकून टाकले होते. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, पण पुरती उभी काही होईना.

"आइकता काजी, माह्यी कंबर सरळ नाही होऊन राहिली."

देवाजीने मान उचलली. सगळा अनुभव एकवटून विचारले, "काहून? काही कापलं-गिरलं काय? दाखव."

तिने पाठ फिरवली. पाठीवर चिखल होता, बाकी काही नव्हते.

"काही त नाही दिसून राहिलं."

"मले बी नाही दिसत," सुंदरबाई म्हणाली. "पाठीले डोये नाहीत माह्या."

मग तिने संध्याकाळचा लोटा भरला आणि त्याच्या पोत्यावर ओतला. त्यासाठी तिला वाकावे लागले.

देवाजीला हसणाऱ्या सुज्ञ वाचकांनी अवश्य हसावे. फक्त हसताना एवढे बघावे की सुंदरबाई अजून लोटा घेऊन तशीच अर्धी वाकून उभी आहे, आणि तिला बस म्हणायचे आपल्याही लक्षात आलेले नाही. (तिच्याकडे दाखवण्याजोगे काही नव्हते, हे कारण मंजूर आहे.)