आत्याच्या पाठीवरचा राक्षस

या मंडळी, जरा जवळ सरका. एका राक्षसाची कथा ऐकवायची आहे. घाबरू नका, तो मुळात नव्हताच.

एका कंपनीत तिघे जण एक खेळ बनवत होते: खोलीत खोटा राक्षस दिसतो, तो सगळ्यांनी मिळून मारायचा. कुणी तो फोनमधून बघायचा, कुणी डोक्याला जाडजूड यंत्र लावून. पण राक्षस मात्र सगळ्यांना एकाच जागी दिसायला हवा. त्यासाठी खोलीतली एखादी ठळक वस्तू खूण म्हणून धरावी लागते, राक्षस तिच्यापाशीच उभा राहतो. पांढऱ्या भिंतींच्या त्या खोलीत खेळाच्या रचनाकाराला एकच ठळक वस्तू सापडली, खुर्चीवरची नक्षीदार शाल. आज खरेदीदार बाई खेळून बघणार होत्या. त्या नाही म्हणाल्या की खेळ बंद, तिघे घरी.

शाल होती रचनाकाराच्या आत्याची. ती तिथेच हिशेब बघायची. खेळ रंगात आला, आत्याला थंडी वाजली. तिने शाल पांघरली आणि बाहेर व्हरांड्यात निघाली.

फोनने खूण सुरुवातीला एकदाच पाहिलेली, त्यामुळे त्यातला राक्षस जागीच. डोक्यावरची यंत्रं खुणेवर सतत नजर ठेवून. त्यांचा राक्षस चालला आत्याबरोबर.

“अरे, पळाला! धरा!”

“पळाला कुठे? हा काय समोर!”

“डोळे फुटले का तुझे? बाहेर गेला!”

डोक्याला यंत्र लावलेल्या खरेदीदार बाई खेळातली तलवार हवेत परजत आत्याच्या मागे लागल्या.

“अहो, माझं काय चुकलं?”

“हलू नका! तुमच्या पाठीवर बसलाय!”

हे ऐकून कोण थांबेल? आत्या धावत सुटली ती व्हरांड्याच्या टोकाला, बंद दारापाशी अडकली.

“आत्या, शाल टाक!”

“मेल्या, थंडी वाजतेय मला!”

रचनाकार तिच्यापाशी धावला. तो ओरडला, “फोनवाल्यांनो, फोन शालीवर धरा, खूण परत सापडेल!”

“शाल कुठाय?”

“इकडे, माझ्या आवाजाच्या दिशेने या!” तो पुन्हा ओरडला.

सगळे आत्याभोवती जमले, राक्षस सगळ्यांना एकाच जागी दिसला आणि सगळ्यांच्या वारांनी पडला.

बाईंनी यंत्र काढलं. रचनाकाराने देवाचं नाव घेतलं.

“आमच्या घरी तीन यंत्रं आणि तीन मुकी माणसं,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “आज माणसं एकमेकांना विचारत होती, तुला कुठे दिसतोय म्हणून. खेळ घेतला. फक्त राक्षस असाच पळायला हवा.”

रचनाकार हसता हसता रडला.

“पळू दे खुशाल,” आत्या म्हणाली, “मी रोज धावायची नाही.”

तेव्हा मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आत्याची तेवढी आठवण ठेवा. तिला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, पाठीवर काय होतं ते.