सासूबाईंचं गाव मी कसं सांभाळलं

यंत्रांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. माझा धंदाच माहितीपुस्तिका लिहिण्याचा आहे. मिक्सर द्या, पाण्याचा पंप द्या, केस वाळवायचं यंत्र द्या, 'वापरण्यापूर्वी वाचा'पासून 'बिघाड झाल्यास'पर्यंत सगळं मी झोकात लिहून देतो. आणि इतकी वर्षं हा उद्योग करून मला पक्कं कळलंय, की माहितीपुस्तिका कुणीही वाचत नाही. मग मीच काय घोडं मारलंय? मीही वाचत नाही.

तर झालं असं. सासूबाई आमच्याकडेच राहतात, मी त्यांना आईच म्हणतो. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेल्या, सोबतीला बायको गेली आणि घरात मी एकटा उरलो. एकटा असलो की मला कल्पना सुचतात. आई घरी येतील तेव्हा त्यांच्या खोलीत नवाकोरा गेमचा कन्सोल असला पाहिजे!

तुम्ही हसाल, पण आमच्या घरात गेम खेळतात त्या सासूबाई. सासरे गेल्यानंतर त्या तासन् तास खिडकीत नुसत्या बसून राहायच्या. म्हणून बायकोने एक कन्सोल आणून दिला. त्यात शेतीचा गेम होता. गाव वसवायचं, गायी पाळायच्या, भोपळे लावायचे. 'हे कसले पोरखेळ,' असं म्हणत आईंनी तो हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही. बघता बघता त्यांनी विहीर खणली, शाळा बांधली, नदीवर पूल टाकला. झाडाखाली एका बाकावर त्यांनी एक म्हातारा बसवला होता, टोपीवाला, थेट सासऱ्यांसारखा. रोज सकाळी त्या आधी त्याच्याशी चार शब्द बोलायच्या आणि मग गोठ्यात जायच्या. आम्ही ऐकलं नाही असं दाखवायचो.

पण तो कन्सोल पार म्हातारा झाला होता. सुरू करताना कण्हायचा, मध्येच अडायचा. मी तो काखोटीला मारला आणि दुकान गाठलं.

"जुने गेम या नव्यात चालतात का?" मी जाणकारासारखं विचारलं.

"सगळे चालतात," विक्रेता म्हणाला. "तुमची जुनी डिस्क घाला आणि खेळा. जुना कन्सोल आम्हाला द्या, नवा सवलतीत घेऊन जा. साठवणीचं कार्ड मात्र ऐच्छिक आहे. देऊ का?"

ऐच्छिक म्हणजे काय, हे मला विचारा. मिक्सरबरोबर संत्र्याचा रस काढायचं भांडं ऐच्छिक असतं. घेणारे घेतात आणि माळ्यावर टाकतात.

"नको," मी ऐटीत म्हणालो. जुना देऊन आलो, नवा घेऊन आलो.

घरी येऊन डिस्क घातली. तोच गेम, तेच संगीत, सगळं झकास. मी स्वतःची पाठ थोपटतोय तोवर पडद्यावर मोकळं माळरान आलं आणि त्यावर अक्षरं आली: 'आपल्या नव्या गावाचं नाव काय?'

नवं गाव? मग जुनं कुठे गेलं?

जुनं कुठे गेलं ते मला दार ओढतानाच कळलं होतं, पण खात्री करून घ्यायला धावत गेलो. धापा टाकत विक्रेत्यापुढे उभा राहिलो.

"गेम डिस्कमध्ये असतो साहेब," तो शांतपणे म्हणाला. "खेळलेलं सगळं कन्सोलमध्ये असतं. तुम्ही कन्सोल आम्हाला दिलात."

"मग तो परत द्या."

"तो मघाशीच पुसला. दुसऱ्याला विकायच्या आधी आम्ही सगळं पुसतो, गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी."

"आणि नव्यात खेळलेलं कुठे राहतं?"

"कार्डात. तेच मी तुम्हाला विचारलं होतं."

"द्या मग कार्ड."

"आता संपली. आली की घरी पाठवून देतो."

मी घरी आलो तो पाय ओढतच. आईंनी सासऱ्यांच्या मागे वसवलेलं अख्खं गाव मी एका सवलतीपायी पुसून टाकलं होतं! दार उघडतोय तोच फोन वाजला.

"जावईबापू, गावाकडे लक्ष आहे ना?" आईंचा आवाज. "भोपळ्यांना पाणी घाला हो. आणि विहीणबाईंना वेगळं बांधा, त्या बाकीच्यांना शिंगं मारतात."

आईंनी गायींना नात्यातली नावं दिली आहेत, हे मला त्या क्षणी कळलं. आता आईंच्या विहीणबाई म्हणजे माझी सख्खी आई. पण तो अपमान गिळण्याखेरीज मला गत्यंतर नव्हतं.

"हो आई, बांधतो," मी म्हणालो. "सहज विचारतो, एकूण गायी कुठल्या कुठल्या हो?"

"म्हणजे? दिसत नाहीत का तुम्हाला?"

"दिसतात ना. चेहऱ्यावरून नाव ओळखू येत नाही."

त्यांनी कौतुकाने एकेक सांगायला सुरुवात केली: मोठ्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई, नणंद, मामी. मी ऐकता ऐकता ठरवलं. त्या यायच्या आत गाव होतं तसं उभं करायचं. सुट्टी काढायची आणि बसायचं.

दिवसभर मी नांगर धरला. संध्याकाळी विहीर झाली होती, भोपळे लागले होते, धाकट्या जाऊबाई हंबरत होत्या. मी समाधानाने कन्सोल बंद केला. सकाळी सुरू केला तर पुन्हा तेच माळरान! पुन्हा तोच प्रश्न, नव्या गावाचं नाव काय. म्हणजे कार्ड येईपर्यंत हे यंत्र एकदा चालू केलं की बंद करता येणार नव्हतं. माझ्या जिवाला खरा घोर लागला तो तिथे.

मी पुन्हा बसलो. पुन्हा विहीर, पुन्हा भोपळे, शाळा, पूल. कन्सोल तव्यासारखा तापला, म्हणून त्याच्यावर टेबलफॅन लावला. ऊन लागू नये म्हणून खोलीचे पडदे ओढले. फ्यूज उडेल या भीतीने इस्त्री बंद, गीझर बंद. मी थंड पाण्याने आंघोळ करून चुरगळलेल्या शर्टात गायी राखत होतो. दिवा जरा लुकलुकला की मी कन्सोलला हात जोडायचो. बाकावरच्या म्हाताऱ्याचं काही केल्या जमेना. टोपीवाला माणूस गेम देईचना. शेवटी दाढीवाल्या लाकूडतोड्याला बाकावर बसवलं आणि त्याच्याकडे न बघता काम करू लागलो. नंतर आईंचे फोनही बंद झाले. ते मला फोनपेक्षा भयंकर वाटलं. त्यांना कळलं असेल का?

अशात एक दिवस बेल वाजली. दारात इमारतीचा नेहमीचा वायरमन, हातात पक्कड.

"जिन्यातला मीटरबोर्ड बदलायचाय. तासभर लाईट बंद करतो."

मी दोन्ही हात पसरून मीटरबोर्डापुढे जाऊन उभा राहिलो.

"बंद करायची नाही."

"अहो, सगळ्यांचीच करतोय."

"माझी नाही. आत यंत्र चालू आहे. ते क्षणभरही बंद पडता कामा नये."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, शर्ट बोळा झालेला. मग उघड्या दारातून आत पाहिलं. अंधारी खोली, पडदे ओढलेले, हिरवा दिवा, घुरघुर आवाज. आई हॉस्पिटलात आहेत हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने पक्कड खाली केली.

"आजींना घरी आणलंत?" तो हलकेच म्हणाला. "मशीनसकट?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर त्याने लाईट बंद केली असती. मी मान खाली घातली. त्याने ती होकारार्थी घेतली आणि मी घेऊ दिली.

वायरमन काम टाकून गेला आणि जाताना प्रत्येक मजल्यावर सांगत गेला. दुपारपर्यंत इमारतीचे सेक्रेटरी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मीटरबोर्डाचं राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू." जिन्यातून माणसं चवड्यांवर जाऊ लागली. वरच्या मजल्यावरची तबल्याची शिकवणी बंद झाली. शेजारच्या काकू सफरचंदं घेऊन आल्या.

"जरा बघू का त्यांना?"

"नको काकू. आत कुणाला सोडायचं नाही."

"बोलतात का?"

"अधूनमधून हंबरतात," असं अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," मी म्हणालो.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि हॉलमध्येच बसल्या. त्या बसल्या म्हणून आणखी दोघी बसल्या. सेक्रेटरी पुन्हा आले, सोबत खुर्च्या घेऊन! हॉलमध्ये कुजबूज चाललेली आणि मी दर थोड्या वेळाने 'बघून येतो' म्हणत आत जाऊन दार लावून दूध काढत होतो. बाहेर आलो की सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतकी साधी, प्रेमळ माणसं, आणि मी त्यांना एका शेताच्या दारात रडायला बसवलं होतं.

एवढ्यात दुकानातला माणूस आला आणि एक छोटीशी डबी देऊन गेला. कार्ड! मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आत धावलो, डबी फोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी माहितीपुस्तिका उघडली आणि पहिलीच ओळ वाचली: 'कार्ड जोडण्यापूर्वी कन्सोल पूर्णपणे बंद करावा.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे कार्ड लावायचं तर गाव पुन्हा पुसायचं! बाहेर काकूंचा आवाज आला. त्या माझ्या बायकोशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, तू कुठे आहेस? आम्ही सगळे आहोत इथे. आईंना घरी आणलंत आणि कळवलंही नाहीस?... हॉस्पिटलात? अगं मग इथे मशीनवर कोण आहे?"

माझा फोन थरथरायला लागला. बायको! उचलायची माझी हिंमत झाली नाही. मी खोलीची आतून कडी लावली आणि सरळ मोठ्या जाऊबाईंना चारा घालायला घेतला.

पुढे काय झालं ते काही मी दाराआडून ऐकलं, काही नंतर कळलं. आईंना त्याच दिवशी घरी सोडणार होते. बायकोची समजूत झाली की मशीनवर मीच आहे. ती आईंना गाडीत घालून तशीच निघाली. दारात वॉकर टेकत आई उभ्या राहिल्या, तेव्हा काकू खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या.

"दार उघड," बायको रडत रडत दार ठोकत होती. "तू ठीक आहेस ना?"

मी कडी काढली. बायको, काकू, सेक्रेटरी, सगळे आत घुसले. खोलीत अंधार, टेबलफॅन आणि टीव्हीवर एक धष्टपुष्ट गाय. तिच्या डोक्यावर पाटी: विहीणबाई.

मी सगळं सांगून टाकलं. सवलत, कार्ड, माळरान, वायरमन, सगळं. सेक्रेटरी खुर्च्या उचलायला गेले. काकू सफरचंदं परत घेऊन गेल्या. बायकोने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं खरंच मशीनवर असतो तर बरं झालं असतं.

आई मात्र पलंगावर बसून पडद्याकडे बघत होत्या. मी अपराध्यासारखा उभा.

"आई, तुमचं गाव मी घालवलं," मी म्हणालो. "बाकावरचे बाबासुद्धा गेले. हे सगळं पुन्हा केलंय, पण ते जमले नाहीत मला."

मग त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, तिथल्या नर्सबाईंनी हाच गेम मला फोनवर घालून दिला. आपोआप राहतो सगळा, कार्डबिर्ड लागत नाही. तिकडे गाव केलंय मी नवं. नदीकाठी, मोकळं. हेसुद्धा आहेत, हे बघा. टोपीसकट."

मी बघितलं. सासरे फोनमध्ये मजेत बसले होते.

"मग फोन का बंद झाले तुमचे?"

"अहो, खेळता खेळता बॅटरी उतरते मेली. आताही संपत आलीय." त्यांनी वॉकर ओढला, सावकाश उठल्या आणि भिंतीवरच्या बोर्डापाशी गेल्या. बोर्डावर दोन प्लग होते. एक टेबलफॅनचा, एक कन्सोलचा. आईंना प्रवासाने उकडत होतं.

"आई, थांबा," मी म्हणालो.

त्यांनी कन्सोलचा प्लग उपसला आणि तिथे आपला चार्जर लावला.

पडदा काळा झाला. बायको म्हणाली, संपलं एकदाचं, आता आंघोळ कर. मी आंघोळीला गेलो, आणि खरं सांगतो, तिथे जरा रडलो. विहीणबाईंना उद्या वासरू होणार होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि माझ्या आईला तर मुळीच नाही. तुम्हीही सांगू नका.