कुलपातलं धोतर

होळीला पाच दिवस उरले की यादव तांबट आपल्या कपड्यांच्या पेटीला कुलूप ठोकी आणि किल्ली करगोट्याला बांधून टाकी. भीती चोराची नव्हती, सख्ख्या आईची होती.

साळूबाईंनी पासष्टी गाठली होती, पण खोड्या सात वर्षांच्या पोरीच्या. नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःच्या अंगाला रंगाचा थेंब लागू दिला नव्हता. "मला लावून घ्यायला बंदी हाय, दुसऱ्याला लावायला कुठं हाय?" असं म्हणत दर रंगपंचमीला नातवंडांची फौज घेऊन त्या अख्खी आळी रंगवून काढीत. चौकातली रहाड, म्हणजे वर्षभर मातीखाली बुजवलेला रंगाचा दगडी हौद, दुपारी उघडली की कुणी उडी कशी मारावी याच्या सूचना काठावरून त्याच देत. एकटा यादव तेवढा हाती लागत नसे. एका वर्षी त्यांनी त्याच्या राखुंडीत हिरवा रंग मिसळला आणि बिचाऱ्याने दुपारपर्यंत हिरव्या दातांनी गिऱ्हाइकांना घंगाळं विकली. तेव्हापासून पेटीला कुलूप, आणि पंचमीला सिन्नर. तिथे त्याचे चुलते धोंडीराम राहत. त्यांच्या घरात रंग सोडाच, कुणी मोठ्याने हसतही नसे.

"तुला चारचौघांत रंगवल्याबिगर मी काय जायची नाय," साळूबाई म्हणत.

त्या वर्षी मात्र त्या गेल्या. ऐन फाल्गुनातल्या एकादशीला, उपासाचे दोन राजगिऱ्याचे लाडू खाऊन तिसरा मागताना छातीत कळ आली. यादवचा हात धरून त्या म्हणाल्या, "यंदा पंचमीला सिन्नरला नको जाऊस रं."

"बघू," यादव म्हणाला आणि वैद्याला बोलवायला धावला. परत आला तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईशी शेवटचा शब्द बोललो तो 'बघू', हे त्याला दहा दिवस आतून कुरतडत होतं. जन्मात आईचा एक हट्ट आपण पुरवला नाही. त्याला धड रडूही येत नव्हतं.

दहावा दिवस आला तोच नेमका रंगपंचमीचा. धोंडीराम आदल्या दिवशीच येऊन बसले होते. "यादवा, आज घाटावर रंगाचा ठिपका दिसता कामा नाय. वहिनीनं जन्मभर समद्यांचं हसू केलं. निदान आजचा दिवस तरी नीट पार पडू दे."

यादवलाही तेच हवं होतं. त्याने कुलूप काढलं, वरचंच पांढरंशुभ्र धोतर आणि उपरणं बोचक्यात बांधलं आणि चुलत्यांबरोबर तो गोदावरीकडे निघाला. बोळाबोळांत पोरं पिचकाऱ्या घेऊन उभी होती. त्याला बघताच ती बाजूला झाली. खाजा रंगाऱ्याने तर रंगाच्या पिंपावर झाकण टाकलं आणि मान खाली घातली. इतकी वर्षं ज्यासाठी सिन्नरला पळावं लागलं, ते आज आपोआप मिळालं होतं, आणि यादवला ते मुळीच गोड वाटलं नाही.

घाटावर मुंडण झालं. नदीत बुडी मारून त्याने ओल्या अंगावरच कोरडं धोतर नेसलं आणि तो पाटावर बसला. दोन मंत्र झाले असतील नसतील, भटजी थांबले.

"यादवराव, तुम्हाला कुठे लागलंय का?"

यादवने खाली पाहिलं. कमरेपासून गुलाबी ओघळ निघून पाटावर थारोळं साचलं होतं. त्याने घाईने हात फिरवला, हात गुलाबी झाला. हात उपरण्याला पुसला आणि त्याच उपरण्याने कपाळाचा घाम टिपला. उपरण्याच्या घडीतही कोरड्या रंगाची पूड होती. नवंकोरं मुंडण केलेलं डोकं गुलाबी झालं.

"धू, आधी धू," धोंडीराम ओरडले.

यादव पळत जाऊन नदीत बसला. तो जितका चोळी तितका रंग चढे. गुलाबी पट्टा प्रवाहाबरोबर खाली गेला. तिथे दुसऱ्या कुणाचे विधी चालले होते. तिथून हाक आली, "वर कोण रं रहाड उघडून बसलंय?"

धोंडीरामांनी आपलं उपरणं अंग पुसायला दिलं, तेही कामातून गेलं. शेवटी भटजींनी त्याला आहे तसाच बसवला. त्याच हातांनी वळलेला पिंड गुलाबी झाला.

"शास्त्रात हे चालतं का?" धोंडीरामांनी विचारलं.

भटजींनी बराच विचार केला. "चालत नाही, असं कुठे वाचल्याचं आठवत नाही."

कावळ्याने शास्त्राची वाट पाहिली नाही. माणसं चार पावलं मागे सरतात तोच त्याने पिंडाला चोच लावली. तेवढ्यात धोंडीरामांच्या घशातून विचित्र आवाज निघाला. त्यांना काही झालं की काय म्हणून यादव धावला, तर म्हातारा हसत होता. "चारचौघांत रंगवलं रं तुला. म्हातारी हरली नाय," असं म्हणत ते घाटाच्या पायरीवर बसले आणि डोळे पुसू लागले. यादवही त्यांच्या शेजारी बसला. दहा दिवस अडलेलं रडू त्याला तिथे आलं आणि गुलाबी गालांवर उजळ ओघळ उमटले.

परतताना त्याला वाट द्यावी की त्याच्यावर आणखी रंग उडवावा, हे आळीत कुणाला कळेना. खाजाने मात्र जवळ येऊन रंग निरखला. "यादवभाई, ये तो अपनाच माल. साळूबाईंनी पावशेर नेला होता."

"पावशेर? धोतरात छटाकभर निघाला असेल," यादव म्हणाला आणि भराभर घराकडे चालू लागला.

दारात त्याची धाकटी मुलगी पुतळा उभी होती. तिने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजीनं?" एवढंच तिने विचारलं आणि ती खुदकन हसली. घरात दहा दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

यादव बायकोकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

चिमणाबाईंनी पदर सावरला. "तुम्ही कुलूप लावलंत त्याच्या आदल्या दिवशी मीच घडी घातली. त्या म्हणाल्या, तुझी घडी बरी बसते. पुढं सगळं विसरूनच गेले. सकाळी तुम्ही बोचकं घेऊन निघालात तेव्हा आठवलं. हाक मारणार होते."

"मग?"

"नाही मारली."

यादवने पेटी उघडली आणि खालच्या दुसऱ्या धोतराची घडी बोटांनी हळूच चाचपली. आत काहीतरी रवाळ लागलं.

"द्या इकडं, झटकून देते. तेराव्यानंतर दुकानात नेसाल काय?"

"नवं आणीन." घडी न मोडता त्याने ते धोतर पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा करगोट्याला बांधली. "हे पुढल्या पंचमीला नेसायचं. रहाडीत."

"पंचमीला तर तुम्ही सिन्नरला असता."

यादव या खेपेला 'बघू' म्हणाला नाही.

"नाय जायचो," तो म्हणाला. "इथंच हाय."