गळका प्रमोटर

आमच्या सुधादादाला हाक मारली तर तो ओ देत नाही. कान उत्तम आहेत. स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं तर त्याला अंगणात कळतं. पण 'सुधा', 'दादा', 'डॉक्टरसाहेब', कशानंच मान वळत नाही. हाका मारून थकलेला माणूस शेवटी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. मग दादा लांबच्या गावाहून परत आल्यासारखा हसतो आणि म्हणतो, "आं? मला म्हणालात?"

हा माझा चुलतभाऊ. पुण्यात एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच्या जनुकोपचारावर काम करतो आणि सुट्टी आली की पिंपळवंडीला येतो. काय काम करतोस विचारलं तर एका शब्दात सांगायचा, "प्रमोटर." आता आमच्याकडे प्रमोटर म्हणजे शेतात पांढरे दगड रोवून प्लॉट पाडणारा माणूस. शेजारचे कोंडीभाऊ सकाळीच हजर.

"दादा, लई मोटा झाला राव तू! आळेफाट्याला आमाला बी येखादा कॉर्नरचा प्लॉट बग की."

"भाऊ, माझा प्रमोटर जागा विकत नाही. जागा ओळखतो."

"मंग फुडच्या येळंला त्यालाच घिऊन ये," कोंडीभाऊ म्हणाले. "आमचा बांध कुटनं जातो, त्ये वळखाया."

मीही फारसा शहाणा नव्हतो. दादानं मला ओट्यावर बसवून समजावलं. औषधाचं जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बसवून शरीरात सोडायचं. ते चांगल्या पेशींत शिरतं, गाठीच्याही. पण जनुकाच्या आधी एक बटण असतं, तो प्रमोटर. बटण असं निवडायचं, की गाठीच्या पेशीतच चालू होईल. तिथं जनुक जागं होतं नि ती पेशी मरते. बाकी सगळीकडे ते झोपून राहतं.

"आणि भलतीकडेच चालू झालं तर?"

"ओझरच्या गर्दीत तुझ्या बायकोनं 'अहो' म्हटलं की किती नवरे वळतात?"

"सगळेच."

"तो गळका प्रमोटर."

झालं, तेव्हापासून आमच्या घरात सगळं गळकं. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणारं कुत्रं गळकं. समोर येईल ते ताट रिकामं करणारा मी, तर धरणाइतका गळका.

दादाच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या शकूवहिनींच्या घशात गाठ निघाली तेव्हा दादाचं औषध उंदरांच्या पुढं सरकलेलं नव्हतं. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर वहिनींचा आवाजही गेला. श्वास आता गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. दादाला बोलवायचं असलं की त्या दोन्ही मनगटं जवळ आणून बांगड्या वाजवतात. टिक, टिक. हे त्यांचं 'अहो'.

चतुर्थीला आम्ही चौघं ओझरला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, नदीच्या पाण्यावर केशरी साय धरली होती आणि उदबत्तीच्या धुरात माणसं तरंगत चालल्यासारखी दिसत होती. पाहतो तर वहिनी नाहीत. त्यांचा फोन दादाच्याच खिशात. माझी बायको त्यांना शोधायला घाटाकडे गेली.

दादा पांढरा पडला. "कुणाचा धक्का लागला, गळ्यावर पदर दाबला गेला, तर तिला ओरडतासुद्धा येणार नाही रे."

आम्ही बांगड्यांच्या दुकानांपाशी आलो. खळ्ळ! दादा गर्रकन वळला. कुणी नवी नवरी चुडा भरत होती. चार पावलं गेलो. पुन्हा खळ्ळ! पुन्हा वळला. दुकानदार म्हणाला, "या पावणं, वहिनीसाठी न्या की!"

त्याला जरा हलकं वाटावं म्हणून मी म्हणालो, "दादा, तुझाही प्रमोटर गळकाच की." म्हणालो आणि जीभ चावली.

"आहेच," तो म्हणाला. "तिच्या बाबतीत पहिल्यापासून."

आणि मध्येच तो थांबला. बांगड्या तर चहूकडे वाजतच होत्या, वर आरतीची घंटा, पेढेवाल्यांचा गलका. मला वेगळं असं काहीच ऐकू आलं नाही. दादा मात्र घाटाच्या दिशेनं वळला, आणि जन्मात कुणाला ओ न दिलेला तो माणूस मोठ्यानं म्हणाला,

"आलो गं!"

खालच्या पायरीवर, पाण्याच्या उजेडात, वहिनी हात उंच करून उभ्या होत्या. दादा धावत उतरला. आधी त्यानं त्यांच्या गळ्यावरचा रुमाल सारखा केला, मग त्यांची दोन्ही मनगटं हातात धरली आणि तसाच उभा राहिला. बांगड्या वाजायच्या थांबल्या.

मी वरच्या पायरीवर किती वेळ ते बघत होतो, कोण जाणे. कुणीतरी दंडाला धरून हलवलं. बायको होती.

"मघापासून घसा फोडून 'अहो, अहो' करतेय, वहिनी सापडल्या म्हणून! सगळ्या गावाचे नवरे वळले, तुम्ही सोडून!"

"आं?" मी म्हणालो. "मला म्हणालीस?"