ट्रॅक्टरची खांदेमळणी

बैलजोडी विकून बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, हा निर्णय माझा. (आमच्या घरात फसलेले निर्णय सगळे माझेच असतात.) धूर नाही, डिझेल नाही, शेडवरच्या सोलरवर चार्ज होतो. पाली गावातला पहिलाच म्हणून मी फेटा बांधून फोटोही काढून घेतला.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जोडी गेल्यापासून ते रिकाम्या गोठ्यात बसून असायचे. बोलणं बंद. भाकरी चिवडायची आणि उठायचं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्यात पोळा उद्यावर आला. बैलाला पुरणपोळी चारल्याशिवाय दादा त्या दिवशी घास घेत नाहीत.

"उद्या कसं करायचं वो?" माझी बायको मोहिनी म्हणाली.

"ट्रॅक्टरलाच सजवू."

"अन् पोळी कुठं चारायची? चार्जिंगला?"

तरी मी ट्रॅक्टरवर बैलाची झूल टाकलीच. तेवढ्यात मागून आवाज आला.

"येड्या, आज खांदेमळणी हाय. आंगूळ न घालता कावून झूल टाकलीस?"

दादा बोलले! पाठोपाठ बादली घेऊन आले. ट्रॅक्टरवर पाणी मारायचं नाही, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. दादा तर बादल्यांवर बादल्या ओतत होते, काथ्यानं घासत होते आणि "उभा ऱ्हा रं बाळा," म्हणत होते.

"आडवा की त्यान्ला!" मोहिनीनं मला कोपर मारलं.

"तूच आडव."

ती पदरानं डोळे पुसायला लागली. माझ्यानंही अडवलं गेलं नाही. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं दादांनी बॉनेटला हळद-लोणी चोळलं आणि कानात सांगावं तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उंद्या जेवाया या."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. सगळ्या गावाचे बैल वाजतगाजत मारुतीला निघाले. मी दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागलो, मोहिनी मागून ढकलायला.

"काय बे सुग्रीव," शेजारचा नाथा ओरडला, "जोडीतला दुसरा कुठाय?"

(मोहिनीनं मागून डोकं वर काढलं. नाथानं पुढं काही विचारलं नाही.)

घरी आलो. मोहिनीनं ओवाळलं. दादा पोळी घेऊन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले.

"ह्याला त्वांड कुठं हाय रे?"

दोरानं खांदा सोलला होता, मी धापा टाकत होतो. दादांचं लक्ष तिकडे गेलं. त्यांनी खांद्यावर हळूच हात फिरवला आणि पोळी माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्ली. उरलेला तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. मला रडू फुटलं.

"दादा, माझं चुकलं. जोडी परत आणू का?"

"नगं. तिथं रुळली असल." मग माझी पाठ थोपटत ते मोहिनीला म्हणाले, "पोरी, ह्यो बी काय कामाचा न्हाई. पर ह्याला इकायचं न्हाई."