साडेसात मात्रांची टिटवी

एका जंगलात एका सकाळी एक गोटा ओला दिसला.

एवढंच. मुलांनो, हसू नका. दिवस उन्हाळ्याचे होते, गोटा नदीपासून चांगला लांब होता आणि कालपर्यंत कोरडा ठणठणीत होता.

शलाका टिटवीनं तो पाहिला आणि ती दचकली. तशी ती स्वतःच्या सावलीलाही दचकायची. पण या गोट्याच्या जरा पलीकडेच तिचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, वाळूत एक खळगा आणि त्यात अंडी. टिटव्यांना फर्निचरची हौस नसते.

थोड्या वेळानं पुढचा गोटा ओला झाला.

डोंगरापलीकडच्या राज्यात धरणाचे दरवाजे उघडले होते. आधी कुणाला कळवायचं, यावर तिथे एकमत झालं नाही. म्हणून कुणालाच कळवलं नव्हतं.

आता, टिटवीला चोचीत अंडं उचलता येत नाही. त्याला हात लागतात. शलाकानं मोबाइल काढला आणि तिला माहीत असलेलं एकमेव ठिकाण उघडलं.

त्या ठिकाणाचं नाव 'विषममात्रा मंडळ'. जंगलातल्या प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांचा ग्रुप. सगळे सभासद अंगाला काजळी फासून काळे राहायचे. चार मात्रांत बसणाऱ्या गाण्याला ते गाणं म्हणतच नसत, अंगाई म्हणत. त्यांचं दैवत म्हणजे 'वारूळ' हा बँड. 'वारूळ'चं एक गाणं तर एवढं लांब होतं, की सुरुवातीला अंडी घातली तर शेवटाला पिल्लं माना झटकतच बाहेर यायची.

शलाका या ग्रुपमध्ये होती, पण बोलायची नाही. एक ओळ लिहायची, पुसायची. परत लिहायची, परत पुसायची. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि सगळे तुटून पडतील, याची तिला बिबट्याहून जास्त धास्ती. आणि ती काही उगाच नव्हती. मागे एका सशानं भोळेपणानं विचारलं होतं, "'वारूळ'ची सोपी गाणी आहेत का हो?" तो अजून बिळाबाहेर आलेला नाही.

आज मात्र तिनं डोळे मिटले, आवाज रेकॉर्ड केला आणि ग्रुपवर टाकला.

"या ना कुणीतरी! टी-टी-टिव! टी-टी-टिव! ... टिव!"

लगेच ग्रुप जागा झाला.

"आई शप्पथ!" झुंबर वानरानं लिहिलं. झुंबर म्हणजे ग्रुपचा गिटारतज्ज्ञ. हातात गिटार नसली तरी बोटं चालूच. "तीन, तीन आणि एक. सात मात्रा! ताई, कुठे होतात इतके दिवस?"

"नदीवर. पाणी वाढतंय हो. माझी अंडी..."

"शब्दही वजनदार आहेत," साळिंदर काटेकरांनी लिहिलं. हे ग्रुपमधले ज्येष्ठ. अंगावरचे काटे जन्मतःच मिळालेले, पण मिरवायचे असे, की जणू निष्ठेपायी लावून घेतलेत. "पाणी, अंडी, सर्वनाश. एका कथेवरचा अख्खा अल्बम येतोय बहुतेक. आणि रेकॉर्डिंग काय कच्चं आहे! 'वारूळ'चे सुरुवातीचे दिवस आठवले."

"सात कुठे? नीट ऐका," अ‍ॅडमिन अस्वलानं फर्मावलं. "शेवटच्या टिवच्या आधी अर्धी मात्रा रिकामी सोडलीय. साडेसात."

"तिथे मला हुंदका आला," शलाकानं लिहिलं.

"फार अवघड जागी घेतलात. मानलं!" झुंबरची दाद आली.

पाणी खळग्याच्या काठाशी आलं. शलाकानं पुन्हा हाक मारली. या वेळी जास्त जोरात, जास्त चिरकी.

"हं," काटेकर म्हणाले. "दुसरा भाग जमला नाही. पहिल्यात सच्चेपणा होता. प्रसिद्धी डोक्यात गेली वाटतं."

मग अस्वलानं मतदान ठेवलं. सात की साडेसात? ग्रुपमध्ये नुसती हाणामारी उडाली. सगळं जंगल बोलत होतं आणि नदीकाठी एक शेपूटसुद्धा दिसत नव्हतं.

खळग्यातलं एक अंडं जागचं हललं.

शलाका दचकली. आणि मुलांनो, दचकता दचकताच तिला एक भयंकर गोष्ट सुचली. ती लिहिताना तिचे पंख गार पडले. पण या वेळी तिनं पुसलं नाही.

"'वारूळ'ची सगळी गाणी सरळ चार मात्रांची आहेत. आणि नवा ड्रमर जुन्यापेक्षा कितीतरी बरा. पटत नसेल तर नदीवर या. तोंडावर सांगते."

मतदान जागच्या जागी थांबलं.

मग जंगल हललं.

"कोण गं तू?"

"जागची हलू नकोस! आलोच!"

"नाही हलत," शलाकानं लिहिलं. "लवकर या."

फांद्या वाकवत झुंबर आला. झुडपं तुडवत अस्वल आलं. मागून काटेकर खुळखुळत, धापा टाकत आले. प्रत्येक जण बोलत होता, ऐकत कुणीच नव्हतं.

"चार म्हणालीस? चार?" झुंबर किंचाळला. "मी टाळी देतो, तू मोज! एक, दोन..."

तिसरी टाळी वाजलीच नाही, कारण पाय भिजल्याचं त्याला तेवढ्यात कळलं. त्यानं खाली पाहिलं. अंडी पाण्यात हळूहळू डुलत होती. शेजारी एक टिटवी एका पायावर थरथरत उभी होती.

"आधी ड्रमरचं काय ते बोला!" मागून अस्वल गरजलं.

"गप बसा हो जरा, भाऊ," झुंबर म्हणाला. तो वाकला. सदा वळवळणारी त्याची बोटं पहिल्यांदाच स्थिर झाली.

"ताई," तो म्हणाला, "ही कुठे ठेवायची, सांगा."

तात्पर्य : संकटात मदत मागू नये. हाक मनापासून मारली, तर तिचं फार तर रसग्रहण होतं. त्यापेक्षा काहीतरी धडधडीत चुकीचं बोलावं आणि खाली आपला पत्ता द्यावा.