इनामदार सरांचा हुकूमशहा

दोन तासांचा सिनेमा चार तास चालवण्याची कला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत फक्त इनामदार सरांकडे आहे.

इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर सरांना वर्ग मिळेना, म्हणून त्यांनी शेजारी धरले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळ्यांनी त्यांच्या हॉलमध्ये हजर राहायचं. सिनेमा दर वेळी तोच. एक परदेशी घड्याळजी हुकूमशहाच्या महालातलं घड्याळ दुरुस्त करायला जातो, त्याच्या मर्जीत बसतो, त्याच्या पंगतीला जेवू लागतो आणि मग त्याला महालाबाहेर पडताच येत नाही. दुसरा सिनेमा लावा म्हटलं, तर सर म्हणतात, "इतिहास एकदा बघून कळला असता, तर मला पगार कोणी दिला असता?"

सिनेमा जरा रंगात आला की रिमोट दाबून सर टीव्हीसमोर उभे राहतात. "चूक इथे झाली." घड्याळजीने भेट म्हणून गाडी घेतली, चूक इथे झाली. हुकूमशहाच्या विनोदाला हसला, चूक इथे झाली. तो साधा शिंकला तरी सरांना त्यात चूक सापडते. आणि तुम्ही गैरहजर राहिलात, तर सोमवारी लिफ्टमध्ये, "काल प्रकृती बरी नव्हती वाटतं आपली?" एवढंच. हुकूमशहाला निदान त्यासाठी पोलीस ठेवावे लागत होते.

मी सोसायटीत नवा, सोलापूरहून आलेला भाडेकरू. पहिल्याच रविवारी मी सरांना एक शंका विचारली. पुढच्या वेळी मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली आणि त्याच्या पुढच्या वेळी खिडक्यांचे पडदे ओढायचं खातं. आता लोक माझ्यासमोर सरांविषयी बोलताना आवाज खाली आणतात. माझी चूक कुठे झाली, हे मला कोणी सिनेमा थांबवून सांगायची गरज नाही.

गेल्या रविवारी मात्र उठाव झाला. सिनेमा चालू ठेवून सर चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी रिमोटचे सेल काढून पर्समध्ये टाकले. परत आल्यावर सर बराच वेळ बटण दाबत राहिले. आज नुसता बघू या ना, असं काकू गोडीत म्हणाल्या. सिनेमा प्रथमच सरळ शेवटापर्यंत, हुकूमशहा पळून जातो तिथपर्यंत गेला. छान आहे की हो सिनेमा, असं म्हणत सगळे उन्हं उतरायच्या आत आपापल्या घरी गेले.

मी पडदे उघडत होतो. सर तसेच बसून होते.

"ही गेल्यापासून रविवार संपतच नाही हो," ते म्हणाले. "लोक कंटाळतात, मला दिसतं. पण थांबवला नाही, तर लवकर उठून जातात."

मला फार वाईट वाटलं. खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "सर, हुकूमशहा पळून गेल्यावर त्या देशाचं पुढे काय झालं?"

सर पुन्हा चहाचं आधण ठेवायला उठले.

"सांगतो," ते म्हणाले. "पण वेळ लागेल. तुम्हाला घाई नाही ना?"